विजेची मातींतील वाट

वळवाचे ढग माथ्यावर जमूं लागले कीं शहरांतील घराघरांतून एक धांदल उडते. कोणी दूरदर्शन-संचाची पिन भिंतींतून ओढून काढतो, कोणी संगणकाची तार सोडवितो, कोणी राउटरच्या लहानशा पेटीकडे धांवतो. एखादा गृहस्थ मात्र स्वस्थ बसून सांगतो, "आपल्या घराचें अर्थिंग उत्तम आहे, भिण्याचें कारण नाहीं." आणि कधीं कधीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच गृहस्थाचा संगणक निर्जीव होऊन पडलेला असतो, आणि ज्याच्या अर्थिंगविषयीं कोणालाच कांहीं ठाऊक नाहीं अशा शेजाऱ्याचा मात्र चालू असतो. यांत दैवाचा भाग आहेच. पण तारांच्या जोडणीचाहि भाग मोठा आहे. जमिनींत चांगली सळई पुरली म्हणजे विजेचें निवारण झालें, ही समजूत अर्धी खरी आहे. ती खरी कां आणि अर्धीच कां, हें उमगावयास विद्वानांना सव्वाशें वर्षें लागलीं, आणि उमगल्यावर तें घराघरांत पोंचावयास त्याहूनहि अधिक. अजून तें पुरतें पोंचलें आहे असें म्हणवत नाहीं.

आकाशांतील वीज आणि कांचेची नळी घांसून निघणारी ठिणगी हीं एकच, हा तर्क पुष्कळांनीं केला होता. तो पारखून पाहण्याची रीत सुचविली ती फिलाडेल्फिया येथील मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन यानें. इ. स. १७५० मध्यें त्यानें लिहिलें कीं, उंच मनोऱ्यावर एक चौकी उभारावी, तिच्यांतून लोखंडाची टोंकदार सळई वर काढावी, आणि ढग येतांच तिच्यांतून ठिणग्या निघतात कीं काय तें पाहावें. त्याचीं पत्रें लंडनमध्यें छापलीं गेलीं, त्यांचें फ्रेंच भाषांतर झालें, आणि प्रयोग प्रथम घडला तो फ्रान्समध्यें. पॅरिसजवळ मार्ली नांवाच्या गांवीं दालिबार यानें चाळीस फूट उंचीची सळई उभी केली. १० मे १७५२ रोजीं मेघगर्जना झाली तेव्हां दालिबार स्वतः तेथें नव्हता. राखणीस ठेवलेल्या क्वाफिए नांवाच्या जुन्या शिपायानें सळईंतून ठिणगी काढली आणि मग गांवच्या पाद्र्याला बोलावणें धाडलें. पाद्री धांवत आला व त्यानेंहि ठिणग्या काढल्या.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. मार्लीची सळई जमिनीला टेकलेली नव्हती. ती ज्या चौरंगावर उभी होती त्याला आधार मद्याच्या बाटल्यांचा होता! कांचेंतून वीज जात नाहीं. म्हणून ढगाकडून आलेली वीज सळईंतच कोंडून राहावी आणि ठिणगीच्या रूपानें दिसावी, हा त्यांतला हेतु. विजेची ओळख पटवावयाची तर सळई जमिनीपासून तोडावी लागते. विजेपासून रक्षण व्हावें अशी इच्छा असेल तर तीच सळई जमिनीला जोडावी लागते. हा फरक त्या वेळीं सर्वांच्या ध्यानांत सारखा आला नव्हता.

सेंट पीटर्सबर्गच्या अकॅडेमींतील प्राध्यापक गेऑर्ग रिखमन यानें आपल्या घराच्या छपरावर अशीच एक सळई बसविली होती. तिच्यापासून निघालेली तार त्यानें खोलींत आणली होती, व तिच्या टोंकाशीं विजेचें प्रमाण मोजण्याचें एक साधें उपकरण लाविलें होतें: एक धातूची पट्टी, तिला लोंबणारा दोरा, आणि तो दोरा पट्टीपासून किती अंशांनीं दूर सरतो तें दाखविणारा पाव वर्तुळाचा फलक. मोजमाप व्हावें म्हणून सारी मांडणी जमिनीपासून अलग ठेविली होती. ६ ऑगस्ट १७५३ रोजीं (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २६ जुलै) अकॅडेमीच्या बैठकींत असतां त्यानें दूरवरचा गडगडाट ऐकला आणि तो घराकडे निघाला. उपकरणाचें चित्र काढतां यावें म्हणून सोकोलोव्ह नांवाच्या खोदकाम करणाऱ्या कारागिराला त्यानें बरोबर घेतलें. रिखमन दोरा पाहण्यासाठीं वांकला असतां एक फिकट निळसर अग्निगोल पट्टीवरून सुटून त्याच्या कपाळावर आदळला. तो जागच्या जागीं गतप्राण झाला. कपाळावर एक तांबडा डाग, आणि एका पायांतला जोडा फाटलेला, एवढीच खूण. सोकोलोव्ह खालीं कोसळला, पण वांचला.

त्याच वेळीं आपल्या घरीं असाच प्रयोग करीत असलेला लोमोनोसोव्ह हा रिखमनचा मित्र. त्यानें शुवालोव्ह या सरदाराला लिहिलेल्या पत्रांत दोन गोष्टी मागितल्या: मृताच्या विधवेला व मुलांना वेतन मिळावें, आणि या अपघाताचा अर्थ विद्येच्या वाढीविरुद्ध लाविला जाऊं नये. दुसरी विनंती करावी लागली यावरूनच त्या काळची हवा कळते. रिखमनच्या घरांत सळईला मातीपर्यंत वाट नव्हती. वीज घरांत आली आणि तिला पुढची वाट सांपडली ती माणसाच्या देहांतून. विजेच्या अभ्यासांत प्राण गमावलेला हा पहिला प्रसिद्ध विद्वान.

फ्रँकलिनला मात्र ही वाट आधींच दिसली होती. १७५३ सालच्या आपल्या पंचांगांत त्यानें सामान्य गृहस्थांसाठीं कृति छापली: लोखंडाची बारीक सळई घ्यावी, तिचें एक टोंक तीन-चार फूट ओल्या जमिनींत जावें, दुसरें घराच्या सर्वांत उंच भागापेक्षां सहा ते आठ फूट वर राहावें. "ओल्या" हा शब्द त्यानें उगाच घातलेला नाहीं. १७६१ मध्यें त्याचा मित्र किनर्स्ली यानें फिलाडेल्फियांतील वेस्ट नांवाच्या व्यापाऱ्याच्या घराची हकीकत त्याला कळविली. घरावर वीज पडली, सळईचें टोंक वितळलें, घराला मात्र कांहीं झालें नाहीं. पण समोरच्या दारांत उभ्या असलेल्या माणसानें पाहिलें कीं, सळईच्या पायथ्याशीं पावसानें भिजलेल्या फरसबंदीवर वीज दोन-तीन यार्ड पसरली. म्हणजे जमीन वीज एका घोटांत गिळून टाकीत नाहीं. ती सळईच्या पायथ्याशीं तुंबते आणि पसरते. या एका निरीक्षणांत पुढच्या दोनशें वर्षांचा विषय बीजरूपानें होता.

लोकांना पटण्यास वेळ लागला. मोराव्हियांत दिव्हिश या पाद्र्यानें १७५४ मध्यें एक यंत्र उभारलें; अवर्षण पडल्यावर गांवकऱ्यांनीं तें १७५९ मध्यें मोडून टाकलें. चर्चच्या घंटा वाजवून वीज घालवावयाची युरोपांतील रीत तर शतकाच्या अखेरपर्यंत चालली. म्यूनिच येथें १७८४ मध्यें छापलेल्या एका पुस्तकांत ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून घंटा वाजविणारे १०३ जण मेल्याचा हिशोब दिलेला आहे. फ्रान्समधील सेंतोमेर गांवीं एका गृहस्थानें सळई बसविली तेव्हां शेजाऱ्यांनीं ती उतरविण्याचा हुकूम मिळविला. त्या गृहस्थाच्या बाजूनें १७८३ मध्यें न्यायालयांत भांडून खटला जिंकणारा तरुण वकील पुढें राज्यक्रांतींत गाजलेला रोब्सपिएर हा होय.

इ. स. १७६९ मध्यें इटलींतील ब्रेशिया शहरांत सेंट नाझारोच्या चर्चवर वीज पडली. तेथें सरकारी दारूगोळा सांठविलेला होता. स्फोटानें शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि शेंकडों माणसें मेलीं. इंग्लंडच्या सरकारनें घाबरून पर्फ्लीट येथील आपल्या दारूच्या कोठारांविषयीं रॉयल सोसायटीचा सल्ला विचारला. १७७२ मध्यें समिति बसली. तींत कॅव्हेंडिश होता, स्वतः फ्रँकलिनहि होता. इतिहासकार या समितीविषयीं लिहूं लागले कीं सळईचें टोंक अणकुचीदार असावें कीं गोल, या तंट्यांतच रमतात. विल्सन नांवाच्या सभासदानें गोल टोंकाचा हट्ट धरला, आणि अमेरिकेशीं युद्ध जुंपल्यावर राजा तिसरा जॉर्ज यानेंहि बंडखोर फ्रँकलिनचें टोंक नको म्हणून गोल टोंकाचा पक्ष घेतला. तंटा मनोरंजक खरा. पण त्या अहवालांतील मोलाचा भाग टोंकाविषयींचा नसून पायाविषयींचा आहे. पांच कोठारांच्या दोन्ही टोंकांना खडूच्या थरांतून विहिरी खणाव्या, त्यांत निदान चार फूट पाणी सदैव उभें राहील इतक्या खोल न्याव्या, आणि त्या पाण्याच्या तळापासून शिशाचा नळ वर काढून त्याला सळई जोडावी, असें समितीनें सांगितलें. आजच्या कोणत्याहि अर्थिंगच्या खड्ड्याची ही थोरली बहीण म्हणावयास हरकत नाहीं.

जहाजांना ही अडचण नव्हती. त्यांच्या खालीं साक्षात् समुद्र होता. विल्यम स्नो हॅरिस यानें डोलकाठीच्या लांकडांतच तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत नेल्या. डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजावर त्या होत्या. आरमारानें पुष्कळ वर्षें चालढकल करून अखेर ही पद्धत स्वीकारली, आणि १८४७ मध्यें हॅरिसला सर ही पदवी मिळाली.

तोंवर विजेच्या कथेंत नवें पात्र आलें होतें, आणि त्यानें सारा प्रश्नच पालटला. तें पात्र म्हणजे तारायंत्र. आजवर वीज घरावर पडे ती त्याच घराच्या माथ्यावर. आतां कोसाकोसावरून आलेली तार घराच्या आंत शिरूं लागली. वीज दहा मैलांवर पडली तरी ती तारेवरून चालत दारीं येई. प्रत्यक्ष पडावयासच पाहिजे असेंहि नाहीं. प्रिन्स्टनच्या जोसेफ हेन्रीनें घराच्या पत्र्याच्या छपरापासून विहिरीपर्यंत एक तार नेली होती. सात-आठ मैलांवर चमकलेल्या विजेनेंहि त्या तारेंत इतका प्रवाह उठे कीं लोखंडाच्या सुया चुंबक बनत. दुसरें असें कीं, १८३८ मध्यें बव्हेरियांतील श्टाइनहाइल यानें दाखवून दिलें होतें कीं तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाहीं. दोन्ही टोंकांना पत्रा जमिनींत पुरला कीं परतीचें काम पृथ्वीच करते. निम्मा खर्च वांचला, पण तारघरांतील प्रत्येक यंत्र एका हातानें आकाशांतील तारेला आणि दुसऱ्या हातानें मातीला धरून बसलें. वीज आली कीं ती यंत्राच्या मधूनच जावयाची.

हिंदुस्थानांत तारायंत्र उभारणारा ओशॉनेसी हा कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील रसायनाचा प्राध्यापक. १८३९ मध्येंच त्यानें तेथें लांबलचक तार टांगून प्रयोग केले होते. पुढें डलहौसीच्या काळीं कलकत्त्यापासून आग्रा, मुंबई व मद्रासपर्यंत तारा गेल्या, आणि फेब्रुवारी १८५५ पासून त्या लोकांना खुल्या झाल्या. येथील वादळें, माकडें, पक्षी व झाडांच्या फांद्या यांना टिकावी म्हणून ओशॉनेसीनें आरंभीं तारेऐवजीं जाड लोखंडी सळयाच वापरल्या. यंत्रें वांचविण्यासाठीं तारघरांतून सर्वत्र जी युक्ति रूढ झाली ती सोपी होती: धातूच्या दोन पट्ट्या कागदाएवढें अंतर ठेवून समोरासमोर बसवाव्या, एक तारेला जोडावी व दुसरी जमिनीला. बातमीचा मंद प्रवाह ती फट ओलांडूं शकत नाहीं. विजेचा लोंढा ती सहज उडी मारून ओलांडतो आणि यंत्राला वळसा घालून मातींत जातो.

टेलिफोनला हीच युक्ति वारशानें मिळाली. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें १८८२ मध्यें टेलिफोनचीं केंद्रें निघालीं. टेलिफोनच्या संरक्षकांत पट्ट्यांच्या जागीं कोळशाचे दोन ठोकळे आले, कारण धातु वितळून चिकटतो. कोळशाची पूड फटींत पडून टेलिफोनवर खरखर होई, ती गोष्ट निराळी. पुढें त्यांची जागा वायु भरलेल्या लहान नळ्यांनीं घेतली. विजेच्या पुरवठ्याच्या तारांसाठीं १९७० च्या सुमारास जपानांतील मात्सुशिता कंपनीनें झिंक ऑक्साइडची चकती बाजारांत आणली. नेहमींच्या दाबाला ती बंद दाराप्रमाणें असते आणि दाब वाढतांच उघडते. आज बाजारांत मिळणाऱ्या संरक्षक पट्टीच्या पोटांत बहुधा हीच चकती असते. हीं सर्व उपकरणें वीज नाहींशी करीत नाहींत. तीं तिला दुसऱ्या वाटेला लावतात. ती वाट कशी आहे, यावर सर्व अवलंबून.

या वाटेचा खरा विचार केला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें. १८७६ मध्यें ब्रिटिश असोसिएशनपुढें त्यानें विचारलें कीं, दारूच्या कारखान्याचें रक्षण करावयाचें तर आपल्याला काय हवें आहे? ढगांतील सगळी वीज मातींत नेऊन पोंचवावयाची आहे काय? नाहीं, घराच्या आंतील एका जागेपासून दुसऱ्या जागेवर ठिणगी उडूं नये, एवढेंच हवें आहे. मग घराला तांब्याच्या तारांचें जाळें घातलें तर सगळें घर एकदम सारख्या दाबाला चढेल आणि आंत ठिणगी उडण्यास कारणच उरणार नाहीं. जमिनीशीं जोडणी नसली तरीहि चालेल. पण—आणि हा "पण" सोन्याच्या मोलाचा आहे—बाहेरून पाण्याचा किंवा धुराच्या दिव्यांच्या वायूचा नळ घरांत येत असेल तर तो त्या जाळ्याला जोडलाच पाहिजे. नाहींतर तो बाहेरचा निराळा दाब घेऊन आंत येईल.

ही गोष्ट लोकांनीं फारशी मनावर घेतली नाहीं. बारा वर्षांनीं ऑलिव्हर लॉज यानें लेडनच्या बरण्यांवर प्रयोग करून आणखी एक धक्का दिला. विजेपुढें जाड तांब्याची लांब तार आणि हवेंतील लहानशी फट असे दोन मार्ग ठेवले असतां वीज पुष्कळदां तार सोडून फटींतून उडी मारते, असें त्यानें दाखविलें. कारण विजेचा प्रवाह इतक्या वेगानें वाढतो कीं तारेचा साधा रोध नगण्य ठरतो, आणि तारेचें जडत्व, म्हणजे प्रवाहांतील बदलाला होणारा तिचा विरोध, प्रबळ होतो. इंग्लंडच्या टपालखात्याचा मुख्य विद्युत्-तज्ज्ञ प्रीस याला हें पटेना. त्याच्या हाताखालीं विजेपासून रक्षण केलेलीं हजारों तारायंत्रें बिनघोर चाललीं होतीं. सप्टेंबर १८८८ मध्यें बाथ शहरीं दोघांचा जाहीर वाद झाला. व्यवहारी माणसाची बाजू घेण्याचा मोह येथें होतो, पण हिशोब लॉजच्या बाजूचा आहे. एक मीटर सरळ तारेचें जडत्व सुमारें एक मायक्रोहेन्री. प्रवाह एका मायक्रोसेकंदांत दहा हजार अँपिअर वाढला तर त्या एक मीटरच्या दोन टोंकांत दहा हजार व्होल्टचा फरक पडतो, आणि दहा मीटर तारेंत एक लाखाचा. मग तार बोटाएवढी जाड असो कीं सुतळीएवढी, उत्तरांत फारसा फरक पडत नाहीं. म्हणूनच संरक्षकापासून भूमीपर्यंतची तार आंखूड आणि सरळ असावी लागते. दुसऱ्या मजल्यावरून वळसे घेत उतरणारी हिरवी तार माणसाला झटका बसूं देत नाहीं हें खरें. विजेच्या लोंढ्यासाठीं ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

मातीविषयींहि एक धडा विसाव्या शतकांत मिळाला. १९४२ मध्यें हर्बर्ट उफर या अमेरिकन तज्ज्ञाला अॅरिझोनाच्या वाळवंटांत बाँब ठेवण्याच्या कोठारांचें रक्षण करावयाचें होतें. तेथें पाऊस नाममात्र, ओली जमीन कोठून आणावयाची? त्यानें पायाच्या काँक्रीटमधील लोखंडी सळयाच भूसंपर्कासाठीं वापरल्या. काँक्रीट ओल धरून ठेवतें, आणि पाया सर्व घराखालीं पसरलेला असतो. कोठारें पुढें कित्येक वर्षें तपासण्यांत आलीं, व त्यांचा रोध पांच ओहमच्या आंतच राहिलेला दिसला.

आतां संगणकाकडे वळतां येईल. संगणकाचें वैशिष्ट्य असें कीं तो एकाच वेळीं दोन दारांना हात लावून बसतो: एक विजेच्या पुरवठ्याचें, दुसरें टेलिफोनचें किंवा केबलचें. घराच्या पूर्वेस विजेचा मीटर व त्याचा अर्थिंगचा खड्डा, पश्चिमेस टेलिफोनची पेटी व तिची स्वतंत्र सळई, अशी मांडणी समजा. टेलिफोनच्या तारेवरून तीन हजार अँपिअर आले. संरक्षकानें चोख काम करून ते सळईंतून मातींत सोडले. सळईचा रोध दहा ओहम, म्हणजे तेवढ्या वेळापुरती ती सळई आणि तिला जोडलेलें सर्व कांहीं तीस हजार व्होल्टला चढलें. वेस्टच्या घरासमोरील फरसबंदीवर जें पसरलें तें हेंच. पूर्वेचा खड्डा मात्र शून्यावरच आहे. हा तीस हजारांचा फरक घरांत कोठें भेटतो? मोडेमच्या पाठीमागें, जेथें दोन्ही तारा चार बोटांच्या अंतरावर येतात तेथें. दोन्ही अर्थिंगें उत्तम असूनहि संगणक जळतो. किंबहुना दोन उत्तम अर्थिंगें आहेत म्हणूनच जळतो. तींच एका जागीं जोडलीं असतीं तर सगळें घर एकदम वर चढलें असतें व एकदम उतरलें असतें, आणि तारेवर बसलेल्या कावळ्याला जसा धक्का बसत नाहीं तसा संगणकालाहि बसला नसता. मॅक्सवेलनें नळांविषयीं सांगितलें होतें तें हेंच. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वीजरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांत घरांत शिरणारी प्रत्येक धातूची वस्तु प्रवेशाच्या जागींच एकत्र बांधावी, हा मुख्य दंडक आहे.

आपल्याकडे संगणक कचेऱ्यांतून आले तेव्हां त्यांच्यासाठीं "शुद्ध" असा वेगळा खड्डा खणून तो इतर अर्थिंगपासून तोडून ठेवण्याची टूम निघाली. खरखर कमी होते हें तिचें समर्थन. वळवाच्या एका दुपारीं ही शुद्धता फार महाग पडूं शकते. कोळसा, मीठ आणि नळ घालून केलेला आपला नेहमींचा खड्डा वाईट नाहीं; पण महाराष्ट्रांत खरा पेंच हा कीं विजांचा जोर एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असतांना. काळी माती तेव्हां भेगाळलेली असते, आणि पुष्कळ ठिकाणीं वीत-दोन वीत मातीखालीं काळा पाषाण लागतो. मीठ पावसाबरोबर वाहून जातें, नळ गंजतो. चैत्रांत खड्ड्यांत पाणी ओतणारीं घरें विरळा. तीन पिनांच्या प्लगांतील जाड पिनेच्या मागें तार आहे कीं नाहीं हें पाहणारीं त्याहून विरळा. आणि ती तार नसेल तर टेबलावरची संरक्षक पट्टी आपला लोंढा वळविणार तरी कोठें?

हल्लीं पुष्कळ शहरांत टेलिफोनची तांब्याची जोडी जाऊन कांचेचा तंतु आला आहे. कांच वीज वाहत नाहीं, म्हणून एक दार खरोखर बंद झालें. पण गच्चीवरच्या डिशची केबल अजून तांब्याची आहे, दोन इमारतींना जोडणारी संगणकाची तारहि तांब्याची आहे, आणि खांबांवरून येणाऱ्या कांचेच्या तंतूला ताण सोसण्यासाठीं पुष्कळदां पोलादी तारेची जोड दिलेली असते. ती पोलादी तार घराबाहेरच कापून टाकावी, नाहींतर दाराशींच मुख्य भूसंपर्काला जोडावी, एवढें काम तंतु बसविणाऱ्याकडून त्याच दिवशीं करून घ्यावें लागतें.